सात वनस्पतींचा एकत्र अर्क आणि आईची केमो: कुणाला अनुभव किंवा माहिती आहे का?

अबोली | ३ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आईला (वय ६३) अंडाशयाचा कॅन्सर आहे. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, आता दर २१ दिवसांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन अशी केमो चालू आहे. सहापैकी तीन झाल्या. केस गेले त्याचं तिला फार वाटलं नाही, पण हातापायांना मुंग्या येतात त्याने ती रडकुंडीला येते. परवा ब्लाउजचे हूक तिला लावता येईनात. मी लावायला गेले तर म्हणाली, "एवढंही नाही का आता माझ्या हातात?"

माझे मोठे मामा शहाद्याकडे राहतात. आईवर त्यांचा फार जीव. गेल्या आठवड्यात एसटीने रात्रभर प्रवास करून आले आणि येताना कुणा जाणकाराकडून एक काळपट तपकिरी अर्क घेऊन आले. ३० मिली, दिवसातून दोनदा. बाटलीवर हाताने लिहिलंय: हळद, अश्वगंधा, गुळवेल, तुळस, सदाफुली, बिब्बा, पिंपळी. कुठलं किती, ते काही नाही. मामांचं म्हणणं, एकेकटी वनस्पती दुबळी असते, सात एकत्र आल्या की कॅन्सरला पळायला जागा उरत नाही. वर त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा शोधनिबंध पाठवले. त्यातले निम्मे तरी "अमुक आणि तमुक अर्क एकत्र दिल्यावर कॅन्सरच्या पेशी मेल्या" असं म्हणतात. ते खोटे आहेत असं मला म्हणता येत नाही.

बाटली फ्रीजच्या दारात आहे, अजून दिली नाही. मामा रोज फोन करून विचारतात आणि मी "हो, बघते" म्हणते.

मला खरंच समजून घ्यायचंय. असे अर्क एकत्र केल्याने काही होतं का? केमोबरोबर दिले तर चालतात का? आणि ओपीडीत चार मिनिटं मिळतात, त्यात डॉक्टरांना हे विचारायचं कसं?

कडुलिंब | ३ जून, रात्री ११.२०

अबोलीताई, आईंना लवकर बरं वाटो. आमच्या सासूबाईंचा स्तनाचा कॅन्सर होता. त्या गुळवेल आणि हळद घेत होत्या, आज चार वर्षं झाली, ठणठणीत आहेत. माणूस प्रेमाने काही आणतो त्यात तथ्य असतं असं मला वाटतं. थोडंथोडं देऊन बघा.

गोदाकाठ | ४ जून, सकाळी ६.५०

अबोली, देऊ नकोस. निदान डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तरी नको. सविस्तर रात्री लिहिते, आता शाळेत जायचंय.

दगडफूल | ४ जून, सकाळी ९.१५

अबोलीताई, मी वनस्पतींच्या अर्कांवरच पीएचडी केली आणि त्यातली तीन वर्षं दोन अर्क एकत्र केले की काय होतं हेच बघण्यात गेली. त्यामुळे मामांनी पाठवलेल्या निबंधांत काय असतं ते आतून सांगू शकतो. जरा लांब होईल, पण वाचा.

तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिला ९६ छोटे खळगे. त्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या. या पेशी आम्ही पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणतो. पाला वाळवून, दळून, अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला अर्क वेगवेगळ्या प्रमाणात एकेका खळग्यात घालायचा. दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळं कमी, म्हणजे पेशी मेल्या. पहिल्यांदा माझ्या प्लेटवर एका टोकाला गर्द जांभळं आणि दुसऱ्या टोकाला स्वच्छ पिवळं दिसलं, तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं. तो आनंद खरा असतो.

मग मॅडमनी मला पेशीच नसलेल्या खळग्यांत नुसता अर्क आणि एमटीटी घालायला लावलं. तिथेही जांभळं झालं! तुळस, हळद यांसारख्या वनस्पतींतली द्रव्यं स्वतःच एमटीटीचा रंग पालटतात. म्हणजे अर्कच आकड्यात लुडबुड करत असतो. हे न तपासता छापलेले निबंध पुष्कळ आहेत.

आता "एकत्र" या शब्दाबद्दल. दोन औषधं मिळून नुसत्या बेरजेपेक्षा जास्त काम करतात का, हे मोजायची पद्धत आहे. चौ आणि तलाले या दोघांनी ती १९८४ मध्ये मांडली. त्यातून एक आकडा निघतो: १ च्या खाली आला तर दोघं एकमेकांना बळ देतायत, १ म्हणजे फक्त बेरीज, १ च्या वर गेला तर एकमेकांचे पाय ओढतायत. हे तिसरं मामांच्या हिशोबात नाही. एकत्र येणं म्हणजे नेहमी मदतच असते असं नाही. माझ्या दोन अर्कांचा आकडा एका प्रकारच्या पेशींवर ०.६ आला आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर १ च्या वर गेला. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच टेकडीवरून तीच वनस्पती आणली, तर ०.६ सुद्धा परत मिळाला नाही. झाड तेच, पण त्यातल्या द्रव्यांचं प्रमाण ऋतू, माती, वाळवण्याची पद्धत यावर बदलतं.

दोनाचं हे. बाटलीत सात आहेत. प्रत्येकाचे फक्त चार डोस धरले तरी १६,३८४ जुळण्या होतात. प्रत्येक जुळणी तीनदा तपासायची तर ९६ खळग्यांच्या ५१२ प्लेट्स, आणि तेही एकाच प्रकारच्या पेशीवर. सात वनस्पती एकत्र आल्या की कॅन्सरला पळायला जागा उरत नाही, हे कुणी तपासून म्हटलेलं नाही.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. प्लेटमध्ये पेशी अर्कात बुडालेली असते. पोटात तसं होत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचंच घ्या. प्रयोगशाळेत ते साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात द्रव्य किती दाट आहे ते मोजायचं एकक) इतकं घातलं की पेशी मरतात. माणसांनी रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन घेतलं तेव्हा रक्तात ते २ मायक्रोमोलरपर्यंतही पोचलं नाही. आतडं आणि यकृत मिळून त्याची वाट लावतात.

पुनर्नवा | ४ जून, दुपारी १.०५

मी वैद्य आहे, सतरा वर्षं प्रॅक्टिस करते. दगडफूल यांनी हळदीचं लिहिलं म्हणून पिंपळीबद्दल सांगते, कारण ती त्या बाटलीत उगाच आलेली नाही.

सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूचा आपल्याकडे इतक्या औषधयोगांत समावेश का असतो, याचा शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात घेतला गेला. मिरी-पिंपळीतलं पिपरीन बरोबरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, असं त्यातून पुढे आलं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं, तर कर्क्युमिनचं शोषण वीस पट झालं. संयोगाची कल्पना आयुर्वेदाला नवी नाही, आणि तिच्यात तथ्य आहे हे मी अभिमानाने सांगते.

पण जे दार पिंपळी हळदीसाठी उघडते, तेच दार केमोसाठीही उघडू शकतं. पिपरीन यकृतातल्या ज्या एन्झाइमना रोखतं त्यांपैकीच एक पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर काढायच्या कामात असतं. पॅक्लिटॅक्सेलचा डोस डॉक्टर उंची-वजनावरून मिलिग्रॅममध्ये काढतात. औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळलं तर आईंच्या मुंग्या वाढतील, पांढऱ्या पेशी आणखी उतरतील.

बिब्ब्याबद्दल तर हात जोडून सांगते. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात. आम्ही तो शुद्ध केल्याशिवाय वापरत नाही आणि वापरला तरी पथ्य आणि प्रकृती बघून. कुणी कसा शुद्ध केला माहीत नसलेला बिब्बा, केमोने आधीच तोंड-आतडं सोललेल्या बाईला? माझ्या आईला मी देणार नाही.

गुळवेलीचं नाव निघालं की आमच्यातलेच काही जण रागावतात, तरी लिहिते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर बराच वाद झाला, सरकारच्या आयुष मंत्रालयानेही आक्षेप घेतला. पण माझा पेशंट केमोवर असेल तर मी त्या वादाचा निकाल लागायची वाट त्याच्या यकृतावर बघणार नाही.

अबोली | ४ जून, दुपारी ३.३०

दगडफूल, पुनर्नवाताई, खूप आभार. दोनदा वाचलं. सदाफुलीबद्दल कुणी सांगेल का? तिच्यापासून कॅन्सरचं औषध निघतं हे तर मामाही म्हणतात आणि ते खरंच आहे ना?

सांगलीकर | ४ जून, सायं. ६.१०

>> सदाफुलीबद्दल कुणी सांगेल का?

खरंय, ताई. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, रोज ही औषधं हाताळतो. सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन निघतात. जमैकात लोक तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घ्यायचे, म्हणून १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तो अर्क तपासला. साखर काही उतरली नाही, पण जनावरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या. त्यांनी त्या अपयशातून रक्ताच्या कॅन्सरचं औषध काढलं. व्हिनक्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. आजही रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना ते देतात.

पण एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिन मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि मोठ्या माणसाला एका वेळी ते २ मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. इतकी त्याची धार. शिरेतून जरा बाहेर सांडलं तर कातडी जळते. आणि त्याचा ठळक दुष्परिणाम काय, तर मज्जातंतूंना इजा. म्हणजेच मुंग्या. आईंच्या मुंग्यांचं कारण पॅक्लिटॅक्सेल. त्यात सदाफुलीचा अर्क, ज्यात किती अल्कलॉइड (म्हणजे ही जहाल द्रव्यं) आहे कुणालाच ठाऊक नाही, तो कशाला?

बाकी या दोन औषधांची करामत बघण्यासारखी आहे. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांची एक चौकट उभी राहते, मांडवाच्या बांबूंसारखी. सदाफुलीचं औषध ते बांबू उभेच राहू देत नाही. पॅक्लिटॅक्सेल उलटं करतं, उभे राहिलेले बांबू सोडवूच देत नाही. दोन्हीकडून पेशीचं काम अडतं आणि ती मरते. सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेने पॅक्लिटॅक्सेलची ही तऱ्हा १९७९ मध्ये दाखवली.

आणि हो, पॅक्लिटॅक्सेलसुद्धा झाडाचंच आहे. यू नावाच्या झाडाच्या सालीत ते पहिल्यांदा सापडलं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेलं असतं. त्या द्रावकाची अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणूनच आईंना आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देतात.

रॅलेवासी | ४ जून, रात्री ८.४५

सांगलीकर, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रोज ज्या रिसर्च ट्रँगल पार्कवरून ऑफिसला जातो तिथेच ते सालीतलं द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून साल गोळा झाली. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी तिच्यातून टॅक्सॉल, म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना छापली. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळायला १९९२ उजाडलं. सालीपासून सलाइनपर्यंत तीस वर्षं.

अबोली, तुमचे मामा शहाद्याचे ना? मनसुख वाणी नंदुरबारचे. १९२५ चा जन्म, शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग इकडे आले. २०२० मध्ये गेले. तुमच्या आईच्या शिरेत जे औषध जातंय ते शोधणारा माणूस मामांच्या जिल्ह्यातला आहे. मामांना हे नक्की सांगा.

अबोली | ४ जून, रात्री ९.००

मला हे अजिबात माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

तिलारी | ४ जून, रात्री ९.५०

वाणींचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. त्यांचं आणि वॉल यांचं दुसरं औषध कॅम्पटोथेसिन, १९६६ चं. मुळात ते चीनमधल्या एका झाडातून काढलं, पण आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात ते भरपूर असतं. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी यांनी ते नरक्यातून वेगळं केलं. फुलांना असा काही घाण वास येतो की नावच नरक्या पडलं.

मी दोडामार्ग भागातला. आमच्याकडे, तिकडे चंदगड-आजऱ्याकडेही, नरक्याची चोरटी तोड होते. पोती भरून तुकडे जातात. तोडणाऱ्या माणसाला किलोमागे जे मिळतं त्यात त्याचं घर चालत नाही, आणि झाड मात्र मुळासकट जातं. कॅम्पटोथेसिनपासून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं झाली, जगभर वापरतात. झाड राहिलं पाहिजे हे कुणी "नैसर्गिक उपचार" म्हणताना मनात धरत नाही, म्हणून लिहिलं. धाग्याच्या विषयाला सोडून झालं असेल तर क्षमस्व.

दगडफूल | ४ जून, रात्री १०.३०

तिलारी, अजिबात सोडून नाही. उलट मी त्यावरूनच पुढे जातो, कारण अबोलीताईंच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मी दिलं होतं. वनस्पती एकत्र करून कधी काही साधलंच नाही, असं कुणी समजू नये. दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात.

इरिनोटेकॅनने भयंकर जुलाब होतात. येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांच्या गटाने सुमारे १८०० वर्षं जुना एक चिनी काढा घेतला. चारच वनस्पती: त्यांतल्या दोन आपल्या ओळखीच्या, ज्येष्ठमध आणि बोराच्या जातीचं फळ. उंदरांना इरिनोटेकॅनबरोबर तो दिला तर आतड्याचं अस्तर लवकर भरून आलं आणि कॅन्सरवरचा औषधाचा परिणामही कमी झाला नाही. २०१० मध्ये हे छापून आलं. पण त्यांनी आधी काय केलं? प्रत्येक खेपेचा काढा मागच्या खेपेसारखाच आहे का, हे रासायनिक ठसे जुळवून तपासायची पद्धत बसवली. मग माणसांवरच्या चाचण्या.

दुसरं त्याहून मोठं. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. चीनमध्ये त्यावर मनःशीळ, नीळ आणि दोन मुळं अशी एक गोळी वापरात होती. मनःशीळ म्हणजे आर्सेनिक असलेलं खनिज. २००८ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी ती गोळी अक्षरशः उसवून बघितली. मुख्य मार आर्सेनिकचा. नीळ आणि एका मुळातलं द्रव्य पेशीच्या आवरणातली एक वाट रुंद करतात, त्यामुळे आर्सेनिक आत जास्त शिरतं. तिघं मिळून कॅन्सर चालवणारं प्रथिन मोडून टाकतात. पुढे ही गोळी आणि अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक औषध मिळून द्यायची चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला, तो शिरेतून आर्सेनिक देण्याच्या पद्धतीपेक्षा उणा नव्हता. "एकेकटं दुबळं, एकत्र बलवान" हे मामांचं वाक्य इथे बरंचसं खरं ठरलं. पण तिथे घटक माहीत, प्रमाण माहीत, आजार नेमका आणि पेशंट डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी मनःशीळ आणून कुणी काही करू नये, तो जीव जायचा मार्ग आहे.

आणि उलट बाजूही सांगतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रोस्टेट कॅन्सरसाठी आठ वनस्पतींच्या मिश्रणाची एक कॅप्सूल फार चालली. लोकांच्या रक्ततपासण्या खरोखर सुधारत होत्या. २००२ मध्ये ती बाजारातून परत घ्यावी लागली, कारण तिच्यात कृत्रिम स्त्री-संप्रेरक आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन सापडलं. पेशंटांना फायदा झाला असं वाटत होतं, तो कशाने हेच कळेनासं झालं. खऱ्या वनस्पतींवरचं संशोधनसुद्धा त्यामुळे थंडावलं, याचं मला जास्त दुःख होतं.

गोदाकाठ | ४ जून, रात्री ११.१५

सकाळी अर्धवट लिहून गेले होते. माझ्या यजमानांबद्दल आहे, म्हणून लिहायला वेळ लागतो.

त्यांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, होता. डॉक्टर म्हणाले होते, बरा होणारा प्रकार आहे. सहा केमो ठरल्या. दुसऱ्या केमोनंतर माझ्या दिरांनी एक चूर्ण आणि एक अर्क आणला. आम्ही हॉस्पिटलात सांगितलं नाही. डॉक्टर रागावतील, उपचार थांबवतील अशी भीती. तिथे कुणी विचारलंही नाही. चौथ्या केमोच्या वेळी रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा) चारशेच्या पुढे. केमो पुढे ढकलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, पुन्हा ढकलली. डॉक्टर कावीळ शोधत राहिले. मी समोर बसलेली, माझ्या पिशवीत ते चूर्ण. मी बोलले नाही.

त्याच काळात चूर्ण देणाऱ्या माणसाने सांगितलं, केमोनेच यकृत खराब झालं, ती बंद करा. आम्ही केली. पाच महिन्यांनी गाठ मानेवर पुन्हा दिसायला लागली तेव्हा परत गेलो. त्यानंतर ते चौदा महिने होते.

चूर्णानेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, मला ते कधीच कळणार नाही. पण मी त्या खोलीत तोंड उघडलं असतं तर डॉक्टरांना निदान कळलं असतं. आठ वर्षं झाली. अबोली, तू बाटली पिशवीत घालून ने आणि टेबलावर ठेव. एवढंच.

मोरपंख | ४ जून, रात्री ११.४०

गोदाकाकू, 🙏 तुम्ही हे लिहिलंत, फार मोठी गोष्ट आहे.

कडुलिंब | ५ जून, सकाळी ७.३०

काकू, वाचून झोप लागली नाही. मी काल "थोडंथोडं देऊन बघा" लिहिलं ते मागे घेते. सासूबाईंचं ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही झालं होतं, आणि पाच वर्षांची गोळी अजून चालू आहे. ते मी लिहिलंच नाही. आमच्या घरात श्रेय नेहमी गुळवेलीला दिलं जातं, त्याच सवयीने लिहून गेले. अबोली, मनापासून सॉरी.

दगडफूल | ५ जून, सकाळी ९.००

गोदाकाकू, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. हॉस्पिटलनेही विचारायला हवं होतं.

कडुलिंबताई, तुम्ही हे स्वतःहून लिहिलंत त्याचा फार उपयोग आहे. २०१८ मध्ये येलच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या २८१ पेशंटांचा अभ्यास छापला. त्यांचा कॅन्सर शरीरात दूरवर पसरलेला नव्हता, आणि त्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. तशाच पण नेहमीचे उपचार घेतलेल्या पेशंटांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला.

सांगलीकर | ५ जून, सकाळी १०.२०

अबोलीताई, चार मिनिटांचं कसं जमवायचं ते सांगतो, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: आईचं नाव, केमो क्रमांक, आणि खाली "बाहेरून घेत असलेलं / घ्यायचं ठरवलेलं". अर्कच नाही, बीपीची गोळी, कॅल्शियम, ग्रीन टी, सगळं. ग्रीन टी हसण्यावारी नेऊ नका. मायलोमाचं (हाही रक्ताचा एक कॅन्सर) बोर्टेझोमिब नावाचं औषध आहे, ग्रीन टीमधलं द्रव्य त्याला चिकटून ते निकामी करतं, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं. आईंना ते औषध नाही, पण सवय म्हणून लिहा. कागद डॉक्टरांकडे जाण्याआधी डे-केअरच्या सिस्टरच्या हातात द्या, त्या फाइलच्या वर लावतात. फार्मासिस्टला भेटता येईल का विचारा. बाटली बरोबर न्या.

आणि बाटलीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, घटकांचं प्रमाण, तारीख नसेल तर आत काय आणि किती आहे याची कुणाचीच हमी नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

पुनर्नवा | ५ जून, दुपारी १२.४०

मामांना रिकाम्या हाताने पाठवू नका, एवढं मात्र माझं ऐका. त्यांना काहीतरी करायचंय. केमोनंतर पहिले तीन-चार दिवस अन्नावर वासना नसते, तेव्हा साळीच्या लाह्या पाण्यात उकळून, गाळून, चिमूटभर सैंधव घालून घोट घोट द्यायच्या. मुगाचं कढण, मऊ भात, ताजं शिजवलेलं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गव्हांकुराचा किंवा दुधीचा कच्चा रस नको, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. तोंड आलं तर कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या. यातलंही काही करण्याआधी आईंच्या डॉक्टरांना सांगा, मी त्यांना तपासलेलं नाही.

अबोली | १३ जून, रात्री ९.३०

उशीर झाला, माफ करा. चौथी केमो काल झाली.

मामांना परत बोलावलं होतं. आदल्या रात्री जेवताना मी त्यांना म्हटलं, "मामा, आईला जे सलाइन लावतात ना, ते मुळात झाडाच्या सालीतलंच आहे. आणि ते शोधलं नंदुरबारच्या माणसाने." ते आधी माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "वाणी? आपल्याकडचे वाणी?" रॅलेवासी, मी तुमचा प्रतिसाद त्यांना पूर्ण वाचून दाखवला. सांगलीकरांचा मांडवाच्या बांबूंचाही. दगडफूल यांच्या ५१२ प्लेट्स त्यांनी दोनदा विचारल्या. गोदाकाकू, तुमचा मला मोठ्याने वाचता आला नाही, मोबाइलच हातात दिला. वाचून झाल्यावर ते उठून गॅलरीत गेले.

काल सिस्टरना कागद दिला. डॉक्टर अजिबात रागावले नाहीत. बाटली उजेडात धरून बघितली, प्रत्येक नाव वाचलं, "दिली का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, नकाच देऊ, उपचार संपेपर्यंत यातलं काहीच नको, स्वयंपाकातली हळद चालेल. मग मुंग्यांबद्दल नीट विचारलं. आईने हुकांचं सांगितलं. ते तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं, मुंग्या तर सगळ्यांनाच येतात असं समजून. त्यावर त्यांनी पॅक्लिटॅक्सेलचा डोस थोडा कमी केला.

सलाइन चालू असताना मामा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. तीन तास. बाटलीवरचं नाव चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं आणि आईला म्हणाले, "हे आपल्याकडचंच आहे, घाबरू नको." आता शहाद्याहून साळीच्या लाह्या पाठवणार आहेत.

एक विचारायचं राहिलं. ब्लाउजच्या हुकांचं कुणी काही केलंय का? गाऊन घालायला ती तयार नाही.

गोदाकाठ | १३ जून, रात्री ९.५५

हूक काढून पुढच्या बाजूला वेलक्रो लाव, वरून दिसायला काजपट्टी तशीच ठेवायची. मी करून देते. मापाचा एक ब्लाउज कुरिअर कर, पत्ता व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) पाठवते.